१.८ टर्बोसाठी पिस्टन निवडताना: कास्ट, ४०३२ की २६१८

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, दीडशे बीएचपीवाली. सेकंड हँड घेतानाच माहिती होतं की इंजिन उघडावं लागणार, कारण व्यवहाराआधी कॉम्प्रेशन टेस्ट केली होती आणि तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा चांगलाच खाली होता, भाव पण त्याच हिशोबाने ठरला. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कडा, म्हणजे रिंग लँड, बोटाच्या पेराएवढी तुटून गेलेली आणि बोअरमध्ये उभे ओरखडे. आधीच्या मालकाने कुठून तरी रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवून घेतलं होतं आणि साधं पेट्रोल घालून गाडी घाटात पळवली होती, त्याचा हा परिणाम. पिस्टनचं डोकं मात्र शाबूत होतं, वितळल्याची खूण नाही, भोक नाही. हे नीट बघून ठेवलं, कारण पुढचं सगळं ठरवताना हाच पुरावा कामाला आला.

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना सांगतो, स्कोडाने औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या प्लँटमधून ऑक्टाव्हिया काढायला २००१ मध्ये सुरुवात केली आणि २००४ ला आरएस आली. त्या काळी टर्बो पेट्रोल ही चीजच आपल्याकडे नवी होती. बिडाचा ब्लॉक, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ८६.४. ब्लॉक इतका दणकट की जगभर लोक त्याच्यावर वाट्टेल ते प्रयोग करतात. पण एक गोष्ट सगळ्यांना माहितीये, ह्या इंजिनात टॉर्क वाढवला की पिस्टनच्या आधी कनेक्टिंग रॉड वाकतात. म्हणून फोर्ज्ड, म्हणजे घडीव, रॉड घ्यायचे हे पहिल्या दिवसापासून नक्की होतं, त्यात वादच नव्हता. वाद पिस्टनचा: कास्ट म्हणजे ओतीव घ्यायचा की फोर्ज्ड, आणि फोर्ज्ड घेतला तर ४०३२ अलॉयचा की २६१८ चा.

माझं गणित असं होतं: के-०४ टर्बो, २२० बीएचपीच्या आसपास ताकद, गाडी रोज कोल्हापुरात फिरणार, महिन्यातून पुण्याला हायवेने, पावसाळा सोडून घाट, आणि जमेल तेव्हा ट्रॅक डे. म्हणजे ना पूर्ण रेस कार ना साधी फॅमिली कार. आणि ह्याच मधल्या पट्ट्यात पिस्टनची निवड सगळ्यात अवघड जाते. ड्रॅगवाल्याला विचार करायला लागत नाही, फोर्ज्ड. ऑफिसला जाणाऱ्याला पण लागत नाही, कास्ट.

पहिल्यांदा हे दोन बनतात कसे ते समजून घ्यायला पाहिजे, आणि कोल्हापुरात राहून हे न समजणं कठीण आहे, इथं शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत ओतकाम चालतं. कास्ट पिस्टन म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंडी डायमध्ये ओतायचं. त्यात सिलिकॉन भरपूर असतं, साधारण १२ टक्के, हायपरयुटेक्टिकमध्ये १६ ते १८. सिलिकॉनमुळे पिस्टन कडक होतो, कमी घासतो आणि तापल्यावर कमी फुगतो. म्हणून कंपनी त्याला बोअरमध्ये अगदी टाइट बसवू शकते; ह्या इंजिनात पिस्टन ८०.९६५ आणि बोअर ८१.०१, म्हणजे फक्त ४५ मायक्रॉनचा क्लिअरन्स. गाडी थंडीत पण गपचूप सुरू होते, ऑइल पीत नाही, दोन लाख किलोमीटर जाते. फोर्ज्डमध्ये गोल बारचा तुकडा तापवून डायमध्ये प्रेसखाली दाबतात, मग मशीनिंग. दाबल्यामुळे धातूचे रेषे पिस्टनच्या आकाराप्रमाणे वळतात, आतमध्ये ओतकामातली छिद्रं राहत नाहीत. चिवटपणा तिथून येतो.

कास्ट म्हणजे हलक्या दर्जाचं आणि फोर्ज्ड म्हणजे वरच्या दर्जाचं असं सरसकट म्हणणारे खूप भेटले, पण ते बरोबर नाही. आजच्या टर्बो डिझेल गाड्यांतले बरेचसे पिस्टन कास्टच आहेत, आणि सिलिंडरमधलं प्रेशर आपल्या पेट्रोल इंजिनापेक्षा किती तरी जास्त. कारण ओतताना वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडाचं कडं बसवता येतं, मिठाचा कोअर घालून डोक्याच्या आत ऑइल फिरायला बोगदा ठेवता येतो, फोर्जिंगमध्ये हे तसं जमत नाही. म्हणजे कास्ट ही तडजोड नाही, ती एका वेगळ्या कामाची चीज आहे.

मग पेट्रोल टर्बोत फोर्ज्ड का घ्यायचा? नॉकिंगमुळे. स्पार्कने पेटलेली ज्वाळा पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच भडकतं, आणि प्रेशरची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते, ८१ मिमीच्या बोअरला साधारण ७ किलोहर्ट्झवर. नॉक सेन्सर तेच ऐकत असतो. ही लाट वरच्या रिंगवर हातोडा मारल्यासारखी आदळते आणि रिंग ती खालच्या लँडवर उतरवते. कास्टमधले सिलिकॉनचे कण कडक पण ठिसूळ, तडा तिथून सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही. माझ्या तीन नंबरमध्ये हेच झालं होतं. डोकं वितळलं असतं तर गोष्ट वेगळी होती, ते प्री-इग्निशनचं लक्षण आणि त्याच्यापुढे फोर्ज्ड पण फार वेळ टिकत नाही, ॲल्युमिनियम शेवटी ॲल्युमिनियमच.

आमचे मशीनवाले मामा उद्यमनगरात आहेत, आयुष्य बोरिंग-होनिंगमध्ये गेलेलं. त्यांनी तो तुटका पिस्टन उजेडात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "हे बघ, ओतीव हाय ते चिक्कीसारखं तडकतंय. घडीव असतंय ते तांब्याच्या घागरीसारखं पोचं पडतंय. मोडायच्या आधी तुला सांगतंय तरी." आणि लगेच पुढे, "पण घडीव घातलं म्हणून ठोकायचं थांबत न्हाई हां, ते टायमिंग आणि पेट्रोलचं काम." हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फोर्ज्ड पिस्टनने ताकद एक बीएचपीने वाढत नाही. नॉकिंग झालं तर सेन्सरने टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे घेईपर्यंत किंवा माणसाने पाय उचलेपर्यंत जो वेळ लागतो, तेवढा वेळ तो तग धरतो. पैसे त्या वेळेचे द्यायचे.

आता आरपीएमचं. हे मी कागदावर मांडून बघितलं कारण "हाय आरपीएमला फोर्ज्डच लागतो" हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. ८६.४ च्या स्ट्रोकला ७००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर येतो. टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, पिस्टन थांबून उलटा फिरतो तिथे त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३००० पट झटका बसतो, पिस्टन, पिन, रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरले तर सव्वा टनाच्या आसपास ओढ, दर फेरीला. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, ६००० ला ती पाव हिश्श्याहून जास्त कमी असते. मी लिमिट ६८०० वर ठेवणार होतो आणि एवढ्याला चांगला कास्ट पिस्टन घाबरत नाही. म्हणजे माझ्या बाबतीत आरपीएम हे कारण नव्हतंच. ताकदीचा आकडा पण नव्हता, २२० ला स्टॉकसारखा कास्ट पिस्टन चांगल्या मॅपवर चालतो, लोकांनी ह्याहून जास्तीला चालवलाय. कारण एकच उरलं, आपलं पेट्रोल आणि आपलं ऊन. एप्रिलमध्ये ४० डिग्रीत, एसी चालू, घाट चढताना, अनोळखी पंपावरचं पेट्रोल भरलेलं असताना नॉकिंगची शक्यता शून्य कधीच होत नाही, मॅप कितीही जपून केला तरी. तेव्हा मी फोर्ज्डकडे झुकलो.

आणि इथेच खरी निवड सुरू झाली, कारण फोर्ज्ड ही एक चीज नाही. दोन अलॉय आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

२६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नाहीच, पाव टक्क्याच्या आत, तांबं आणि मॅग्नेशियम जास्त, थोडं निकेल आणि लोखंड. कॉन्कॉर्ड विमानाचं अंग ज्या आरआर-५८ चं बनवलं होतं त्याचं हेच घराणं, आवाजाच्या दुप्पट वेगाला विमानाचं नाक १२० डिग्रीच्या वर तापायचं आणि तेवढ्या उष्णतेत टिकणारा अलॉय हवा होता. चिवटपणात ह्याला तोड नाही, नॉकिंग सोसण्यात हा पहिला. पण फुगतो जास्त आणि मऊ असल्याने स्कर्ट (पिस्टनची रिंगांखालची बाजू) आणि रिंगच्या खाचा लवकर झिजतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन ११ ते साडेतेरा टक्के, म्हणजे जवळजवळ कास्टइतकंच, पण घडवलेला. फुगतो कमी, झिजतो कमी, कास्टपेक्षा खूप चिवट पण २६१८ एवढा नाही.

फुगण्याचा हिशोब पण करून बघितला. दर डिग्रीला मीटरमागे २६१८ साधारण २२.३ मायक्रॉन वाढतो, ४०३२ साधारण १९.४. साडेएक्याऐंशी मिमीचा पिस्टन, स्कर्ट थंडपेक्षा १३० डिग्रीने तापला तर पहिला २३५ मायक्रॉन, दुसरा २०५. फरक ३० मायक्रॉन. केसाच्या निम्म्याहून कमी, पण २६१८ ला थंड असताना तेवढी जागा जास्त सोडावीच लागते, ८० ते ९० मायक्रॉन, आणि मग सकाळी गाडी सुरू केली की पिस्टन बोअरमध्ये हलतो आणि खडखड आवाज येतो, पिस्टन स्लॅप. गरम झाल्यावर जातो. बरेच लोक म्हणतात आवाजच आहे ना, सहन करू. मी पण केला असता. पण ह्या इंजिनाला दोन नॉक सेन्सर आहेत आणि त्यांना स्लॅपचा आवाज नॉकिंगसारखा ऐकू येऊ शकतो, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उगाच टायमिंग मागे घेत बसतो. रोज सकाळी दूध-भाजीला दोन किलोमीटर जाऊन येणारी गाडी असेल तर तिचं अर्धं आयुष्य थंड इंजिनावरच जातं. रेस कारचं तसं नसतं, ती गरम करूनच पळवतात आणि सीझननंतर उघडतात.

मॅप करणाऱ्या ट्युनरचा आग्रह २६१८ चा होता, पुढे कधी तीनशेला जायचं झालं तर पुन्हा उघडायला नको म्हणून. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तो ताकदीच्या बाजूने बघत होता. मामा तर म्हणत होते ओतीवच घाल आणि उरलेले पैसे इंटरकूलरला घाल. खरं सांगायचं तर मामांचा सल्ला तोडीस तोड होता, कारण इनटेकची हवा थंड केली की नॉकिंग मुळातच कमी होतं. म्हणून मी दोन्ही केलं, टर्बोचं बजेट थोडं थांबवून इंटरकूलर आधी घेतला, आणि पिस्टन ४०३२ चे मागवले, ८१.५ मिमी, कॉम्प्रेशन स्टॉकपेक्षा किंचित खाली.

ह्याच काळात माझ्या मित्राची एस्टीम पण मामांकडे उघडलेली होती. १.३ लिटर, बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, टर्बो नाही, तो मातीतल्या ऑटोक्रॉसला पळवतो. माझं बघून त्याला पण फोर्ज्ड हवे झाले. आम्ही तिघांनी बसून त्याचा हिशोब केला. ७००० ला पिस्टनचा वेग साडेसतरा मीटर, म्हणजे माझ्यापेक्षा कमी, बूस्ट नाही, कॉम्प्रेशन हेड थोडं घासून जेमतेम वाढवलेलं, आणि त्याचे जुने पिस्टन एक लाख तीस हजार किलोमीटरनंतर नुसते झिजलेले, एकाला पण तडा नाही. जो पिस्टन म्हातारपणाने गेला त्याच्या जागी चिवट पिस्टन घालून उपयोग काय, तिथं कमी झिजणाराच पाहिजे. त्याने ओव्हरसाइझ कास्ट सेट घातला, चौथाई पैशात, आणि उरलेल्यात कॅम आणि व्हॉल्व्हचं काम केलं. ती गाडी आज वरच्या आरपीएमला इतकी मोकळी ओढते की चालवताना बरं वाटतं.

ऑर्डर देताना एक गोष्ट जपा. १.८ टर्बोच्या काही इंजिन कोडमध्ये गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन, १९ मिमीची आहे, काहींत २० ची. रॉड एका दुकानातून आणि पिस्टन दुसरीकडून घेतले आणि हे विचारलं नाही तर दोन्ही डबे टेबलावर पडून राहतात. मी दोन्ही २० मिमीचे घेतले. तसंच ब्लॉकमध्ये पिस्टनखाली ऑइलचे फवारे आहेत, जाड रॉड आणि वेगळ्या आकाराचा स्कर्ट त्यांना लागतो का ते क्रँक हाताने फिरवून बघायला लागतं, माझ्यात एक फवारा अगदी थोडा वाकवावा लागला.

पिस्टन आल्याशिवाय बोअर मोठा करायचा नाही, हा मामांचा नियम. पिस्टन आधी मोजायचा, तो पण कंपनीच्या कागदावर लिहिलेल्या उंचीवर आणि पिनला काटकोनात, कारण स्कर्ट सरळ नळी नसतो, तो लंबगोल आणि मधे फुगीर असतो, भलत्या ठिकाणी मायक्रोमीटर लावला तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा फरक सहज येतो. आणि तापमान. मे महिना होता, शेडमध्ये दुपारी ३५ डिग्री. कागदावरचे आकडे २० डिग्रीचे. १५ डिग्रीला पिस्टन २४ मायक्रॉन फुगतो, बिडाचा बोअर १३-१४, म्हणजे १० मायक्रॉन क्लिअरन्स हवेतच गेला. मामांनी पिस्टन, ब्लॉक आणि बोअर गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवले आणि पहाटे मोजमाप घेतलं. कागदावर ६० ते ६५ होतं, मामांना ७५ हवं होतं, "टर्बो हाय, जाम झालं तर?" मी कंपनीच्या आकड्यावर ठाम राहिलो कारण तो टर्बोसाठीच दिलेला होता आणि ४०३२ घेण्याचा सगळा मुद्दाच तो टाइट क्लिअरन्स होता. शेवटी ६५ वर ठरलं.

होनिंग, म्हणजे बोअरला आतून शेवटचा बारीक हात मारणं, टॉर्क प्लेट लावून केलं. हेडचे बोल्ट कसले की बोअर थोडा वाकडा होतो, म्हणून हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट बोल्टने कसून, म्हणजे इंजिन जोडलेलं असताना बोअर जसा असेल तशाच अवस्थेत, होन करायचं. तयार प्लेट मिळाली नाही, गोकुळ शिरगावात सीएनसीवर बनवून घेतली, आता ती मामांकडेच आहे आणि दुसऱ्यांना पण उपयोगी पडते. प्लेट लावून आणि न लावता दोन्ही वेळा गेज फिरवून बघितला, बोल्टच्या जवळ सुई स्पष्ट हलते. माझ्या मते ह्या कामाशिवाय महागडे पिस्टन घालणं म्हणजे अर्धे पैसे वाया.

रिंगा फाइल-फिट होत्या, प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये टाकून फिलर गेजने बघत गॅप घासायचा. टर्बोला दर इंच बोअरमागे साडेचार-पाच थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धरतात, वरच्या रिंगला ०.४० मिमी ठेवला, दुसरीला ०.४५. कमी ठेवला आणि रिंगची टोकं गरम होऊन एकमेकांना भिडली तर ती पण रिंग लँडच तोडते, आणि मग दोष पिस्टनला लागतो. प्लॅस्टिसिन ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा बघितली, पाचही व्हॉल्व्हला भरपूर होती.

रनिंग-इनला मिनरल ऑइल, बूस्ट बंद, हायवेला वेगवेगळ्या आरपीएमवर ओढायचं आणि गिअरमध्येच पाय सोडायचा, म्हणजे रिंगा बोअरला दाबून बसतात. नुसती आयडलला ठेवून नाही. मग ऑइल बदललं, फिल्टर कापून बघितला, बारीक धूळ होती, तुकडे नव्हते.

सकाळी सुरू केल्यावर कान देऊन ऐकलं तर हलकासा आवाज येतो, गाडी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत गेलेला असतो. सेन्सरचे लॉग बघितले, थंड असताना उगाच टायमिंग मागे गेलेलं नाही. लीक-डाउन टेस्टला (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघायची टेस्ट) चारही सिलिंडर एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, ऑइल दोन सर्व्हिसमध्ये डिपस्टिकवर जेमतेम हललं.

मॅप दोन करून घेतलेत. एक ९५ ऑक्टेनचा (ऑक्टेन जास्त तेवढं पेट्रोल नॉकिंग जास्त टाळतं), रोजचा, ह्यात बूस्ट थोडं कमी आणि टायमिंग सांभाळून. दुसरा १०० ऑक्टेनचा, इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० पुण्यात भरलं की तो. साध्या पेट्रोलसाठी मॅपच ठेवला नाही, ते ह्या इंजिनात घालायचंच नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, टाकीच्या झाकणावर चिठ्ठी पण आहे.

सध्या मामांकडे माझ्याच गाडीसारखा अजून एक १.८ टर्बोचा ब्लॉक आलाय, एका पोराला ड्रॅगसाठी चारशेच्या वर जायचंय. त्याच्यासाठी मी स्वतः २६१८ च सुचवला, ८५ मायक्रॉनवर, आणि त्याला सांगितलं की दर सीझनला उघडून रिंगच्या खाचा मोजायच्या. टॉर्क प्लेट तयारच आहे.